सारंगीच्या आधीची सरसर

आमच्याकडे रविवारी सकाळी कोणी आलं की "कसे आहात" वगैरे विचारत नाही. दाराशी चपला निघतात न निघतात तोच आतून प्रश्न जातो, "चालू काय?" म्हणजे सध्या कोणता अल्बम ऐकणं चालू आहे. ज्याला माहीत नाही तो गडबडतो. शेजारच्या काकूंनी एकदा "गच्चीचं प्लास्टर चालू आहे हो" असं अगदी प्रामाणिक उत्तर दिलं होतं आणि आम्ही सगळे हसलो म्हणून त्या पुढे महिनाभर रुसून होत्या.

नियम मी केलेले आहेत. घर माझं, चहा माझा, तर नियमही माझेच. चालू म्हणजे चालूच असलं पाहिजे. गेल्या आठवड्यात, पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत, मधलं काही न गाळता ऐकलेलं. "आम्ही कॉलेजात होतो ना, तेव्हा..." असं कोणी सुरू केलं की मी त्याच्या हातात कप देते आणि विषय बदलते. आठवणीतलं गाणं सगळ्यांनाच गोड लागतं, त्यात तुमचं कर्तृत्व काय? दुसरा नियम असा, की ज्याने त्याने आपल्या चालू अल्बमची एक अख्खी बाजू लावायची आणि बाजू संपेपर्यंत कोणी ब्र काढायचा नाही. वाहवा नाही, चुकचुक नाही, "इथं बघा आता काय होतं" तर मुळीच नाही. बाजू संपली की मग गिला वडा, चहा आणि वाटेल तेवढं भांडण. मी जन्मभर मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला आहे. माणसं गप्प बसवायला मला वेळ लागत नाही.

बैठकीत आम्ही चौघं. मी अमरावतीची. दुसरे अकोल्याचे भाई. त्यांचं रंगांचं दुकान आहे, घरांना लावायच्या, वडिलांच्या वेळेपासूनचं. रविवारी दुकान बंद ठेवून सकाळच्या गाडीनं ते बडनेऱ्याला उतरतात आणि तिथून ऑटोनं माझ्याकडे. त्यांच्या घरात उर्दू, गिऱ्हाइकाशी वऱ्हाडी, आणि गाण्याबद्दल बोलायला लागले की दोन्हींची अशी काही मिसळ होते की ऐकतच राहावं. तिसरे बागवाले भाऊ. वरूडकडे त्यांची संत्र्याची बाग आहे. या गड्याला आवड कशाची, तर परदेशी ट्रंपेटची! गावातल्या लग्नाच्या बँडमधून हे वेड लागलं म्हणे. संत्र्याला पाणी सोडून बांधावर बसतात आणि मोबाइलवर अख्खे अल्बम ऐकतात. चौथी एक प्राध्यापिका, वयानं माझ्या मुलीएवढी. ती आफ्रिकेच्या वाळवंटातल्या बायकांची गाणी घेऊन येते. शब्द तिलाही कळत नाहीत, आम्हालाही नाहीत, आणि आजवर कुणाचं काही अडलेलं नाही.

बैठकीच्या वेळी घरात असलेलं पाचवं माणूस म्हणजे माझा नवरा. ह्यांना गाण्याचं काडीचंही घेणंदेणं नाही. बैठक सुरू झाली की हे वर्तमानपत्र घेऊन आतल्या खोलीत जातात आणि वडे आले की बाहेर येतात.

तर झालं असं, की मागच्या वर्षी माझ्या खोलीतला आवाज मळला. दुसरा शब्द मला सुचत नाही. न्हाणीघरातल्या आरशावर वाफ धरावी तसं काहीतरी गाण्यावर धरलं. माझ्या रेकॉर्डवर गाणाऱ्या बाईंचा आलाप होता, पण त्याची धार गेलेली. तबला होता, पण त्याच्या काठावरची चाट वाजतच नव्हती. मी म्हटलं, रेकॉर्ड प्लेअरची सुई गेली. नवी सुई आणली. फरक नाही. मग वायरी बदलल्या. मग स्पीकरच्या डब्यात वर एक लहानसा स्पीकर असतो, ट्वीटर म्हणतात त्याला, बारीक आणि उंच आवाज तो काढतो. मी म्हटलं, हाच मेला. दुरुस्तीवाल्याकडे डबा नेला. त्यानं नवा ट्वीटर बसवून दिला आणि म्हणाला, "आयका बाई, घंटीसारखा वाजून राह्यला." मी ऐकलं आणि विचारलं, "घंटीला चिंधी बांधली आहेस का रे?" त्यानं बिचाऱ्यानं दुसऱ्या कंपनीचा बसवला. मग तिसऱ्या. शेवटी शेवटी तो मला लांबून पाहूनच शटर अर्धं ओढून घ्यायचा.

कपड्यात आवाज मुरतो असं कुठंतरी वाचलं, म्हणून खोलीचे पडदे काढले. ह्यांच्या दुपारच्या झोपेवर ऊन येऊ लागलं. "अवं, परदे तं राहू दे," हे म्हणाले असणार. असणार म्हणते, कारण त्याच वर्षी ह्यांनी पुटपुटायला सुरुवात केली होती. आयुष्यभर बैल हाकल्यासारखं बोलणारा माणूस म्हातारपणी तोंडातल्या तोंडात का बोलायला लागतो, हे मला कळेना. मी दहादा सांगितलं, "नीट बोला, पुटपुटू नका." हे माझ्याकडे बघायचे आणि काहीतरी पुटपुटायचे.

भाईंनाही मी सोडलं नाही. त्यांची एक रेकॉर्ड चालू म्हणून आली होती, तीही मळकट वाजली. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "भाई, रेकॉर्ड घासली आहे तुमची. कुणाला वापरायला दिली होती?" भाईंनी ती उजेडात तिरपी धरून पाहिली. "एक बी चरा नाई येच्यावर, ताई," एवढंच म्हणाले आणि अलगद पाकिटात घातली. आपल्या रेकॉर्डवर आळ येणं म्हणजे काय असतं ते आमच्यातल्यांनाच कळेल.

मग थंडीतला तो रविवार आला. भाईंनी खिशातून रुमाल काढला, रुमालातून कॅसेट. वर कव्हर होतं ते लग्नपत्रिकेचं, सोनेरी वेलबुट्टी बरोबर मधोमध येईल असं कापून बसवलेलं.

"ये मेरा चालू," भाई म्हणाले.

मी लगेच आक्षेप घेतला. घरी भरलेली कॅसेट म्हणजे अल्बम कसा? भाई म्हणाले, "कव्हर हाये, दोन बाजू हायेत, दोनी भरेल हायेत. अल्बमले अजून काय शिंगं लागतात का?" मग त्यांनी कॅसेटची गोष्ट सांगितली. त्यांच्या थोरल्या भावाच्या लग्नाला बुऱ्हाणपूरकडून एक सारंगिये आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी, पाहुणे पांगल्यावर, माडीवर सतरंजी टाकून ते स्वतःसाठीच वाजवत बसले. भाई तेव्हा पोरसवदा. त्यांनी हळूच जाऊन टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं. त्या वादकाचं दुसरं कुठलंच ध्वनिमुद्रण नाही, आणि या कॅसेटची दुसरी प्रतही नाही.

बाजू लागली. सगळ्यांनी डोळे मिटले. सारंगी आली, मळकट खरी, पण काय हात होता! मला वाटलं, आपल्या कॅसेट डेकवर आपल्या खोलीत असं काही वाजतंय हेच भाग्य. बाजू संपली आणि पहिली बोलले ती मी. भाईंना त्या रेकॉर्डचा राग आला असेल तर तोही जावा म्हणून जरा जोरातच बोलले.

"भाई, कमाल केलीत! घरगुती टेप, एवढी जुनी, आणि सरसर औषधालाही नाही!"

कॅसेट ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना सरसर सांगायला नको. गाणं सुरू व्हायच्या आधी टेपचा म्हणून जो एक आवाज येतो ना, स्स्स्स असा, तो. जुन्या कॅसेटला तो असतोच. आम्ही लोक त्याचे हाडवैरी. त्याच्यापायी मी स्पिरिटमध्ये कापूस बुडवून डेकचं हेड पुसत आले.

माझं वाक्य संपलं. प्राध्यापिका वड्याच्या ताटलीकडे बघत होती. शेवटी बागवाले भाऊच बोलले. त्यांच्या पोटात काही राहत नाही. "बाई, मस्करी करून राह्यल्या का? सरसर तं इतकी हाये, मले वाटलं तुमी घरात भजे तळून राह्यल्या."

प्राध्यापिका फिसकन हसली आणि लगेच गप्प झाली. भाई हसले नाहीत. त्यांनी उठून टेप मागे घेतली आणि सारंगीच्या आधीचा भाग लावला. "ताई, आता आयकू येते?"

"काय?"

त्यांनी आवाज वाढवला. आणखी वाढवला. मला भाईंचं बोट बटणावर दिसत होतं आणि कानात काहीच नव्हतं. तेवढ्यात आतल्या खोलीतून हे बाहेर आले, चष्मा कपाळावर, हातात वर्तमानपत्र. "नळ कोनं सुरू ठेवला रे?" ह्यांनी विचारलं.

गाण्यातलं ओ की ठो न कळणाऱ्या माणसाला दोन भिंतींपलीकडून जे ऐकू आलं, ते मला स्पीकरच्या समोर बसून येत नव्हतं. मी म्हटलं, "वडे गार होतात. खा." सगळ्यांनी मुकाट्यानं खाल्ले. त्या दिवशी भांडण झालंच नाही.

ते गेल्यावर मी एकटीच खोलीत बसले. तीन ट्वीटर, सुई, वायरी, पडदे, भाईंची रेकॉर्ड, ह्यांचं पुटपुटणं, सगळं एका दोऱ्यात ओवलं गेलं. मला रडू आलं. खोटं कशाला सांगू? डोळे गेले तर कुणीतरी जवळ बसून वाचून दाखवतं. गाणं कोण ऐकून दाखवणार?

भाईंच्या आईनं जिच्याकडून कानाचं मशीन घेतलं होतं, तिच्याकडे अकोल्याला गेलो, मी आणि हे. तपासणारी पोरगी हिवरखेडची, चटपटीत. तिनं मला काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावायला दिला, आवाज आला की बटण दाबा म्हणाली. मग कागदावर माझ्या कानाची रेघ काढून दाखवली. मी भूगोलाची बाई, मला समजवायची गरजच पडली नाही. मेळघाटातून एकदम पूर्णेच्या मैदानात उतरावं तशी ती रेघ उतरली होती. जाड आवाज शाबूत, बारीक सगळे खाली.

"काकू, त्रास नेमका कुठं होतो?" तिनं विचारलं.

गाण्याचं सांगायला माझं तोंडच उघडलं नाही. डॉक्टरपुढे हौसेमौजेच्या गोष्टी काढायच्या नाहीत, अशी आमच्या घरची शिकवण. ताप सांगावा, खोकला सांगावा. सारंगी कुठं सांगावी? मी म्हटलं, "नवरा पुटपुटतो."

"म्या नाई पुटपुटत!" हे ओरडले.

पोरगी हसली आणि कॉम्प्युटरवर काहीतरी करून तिनं मशीन लावून दिलं. परतीच्या गाडीत मला शेंगांची टरफलं ऐकू आली, पिशव्यांची चुरचुर ऐकू आली, समोरच्या बाईच्या बांगड्या ऐकू आल्या. आणि हे! मूर्तिजापूर येईपर्यंत हे अखंड बोलत होते आणि एकेक अक्षर लख्ख ऐकू येत होतं. संसारात इतकंही ऐकू येणं बरं नव्हे.

घरी आल्यावर चप्पल काढली, हात धुतले आणि आधी रेकॉर्ड लावली. तानपुरा सुरू झाला. झाला आणि गेला. परत आला, परत कुणीतरी ओढून पाण्याखाली नेला. बाईंनी सूर लावून ठेवला की त्याला शेपटासारखी एक शिट्टी चिकटायची आणि सूर मध्येच तुटायचा. मशीन काढलं की सगळं मळकट. घातलं की सगळं तुकडे तुकडे. इकडे आड, तिकडे विहीर. मला वाटलं, एवढाच कान राहिला आहे आपल्याला, म्हणजे आता असंच.

मी आमच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर लिहिलं, 'बैठक यापुढे प्राध्यापिकेकडे घ्यावी. माझं काही चालू नाही.' लिहिलं आणि फोन उलटा ठेवला. नियम मीच केला होता ना? ज्याचं काही चालू नाही, त्याला बैठकीत जागा नाही.

पुढच्या रविवारी सकाळी मी तांदूळ निवडले. त्याच्या पुढच्या रविवारी फडताळ पुसलं, जे आधीच स्वच्छ होतं. नऊ वाजले की हे उगाचच दारापर्यंत जाऊन रस्त्यावर बघून यायचे. एकदा तर ह्यांनी स्वतःच एक रेकॉर्ड लावायला घेतली, सुई भलत्याच जागी आदळली. एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. तेव्हा नुसतं म्हटलं, "राहू द्या."

आणि मग एका संध्याकाळी मी देवापाशी वात लावत होते, हे स्वयंपाकघरात फोनवर कुणाशी तरी कुजबुजत होते. मशीन कानात होतं. आता मशीन ज्यासाठी लावलं होतं ते काम ते चोख करत होतं.

"भाई," हे म्हणत होते, "नुसती बसून राह्यते हो. भांडत बी नाई माह्यासंग. तुमी काईतरी करा बाप्पा."

वातीवर तूप जास्तच पडलं. जन्मभर ज्या माणसाला मी दगड म्हणत आले, तो माझं भांडण मागत होता. मी काही ऐकलं नाही असं दाखवलं. ते मला आता छान जमत होतं.

रविवारी सकाळी दारात बागवाल्या भाऊंची जीप. मागे प्राध्यापिका, पुढे भाई, भल्या पहाटेच अकोल्याहून आलेले. "चला," भाई म्हणाले.

"कुठं?"

"अकोल्याले. त्या पोरीले म्या सांगून ठेवलं. आज फक्त आपल्यासाठी खोलून बसली हाये ते."

मग मात्र माझा तोल गेला. मी म्हटलं, मी म्हातारी झाले, कान गेले, हा निसर्ग आहे, आणि तुम्ही कशाला माझी वरात काढता? तुमची बैठक तुम्ही करा. बरंच काय काय बोलले. भाईंनी सगळं ऐकून घेतलं, बाजू संपेपर्यंत ऐकतात तसं. मग म्हणाले, "ताई, आवाज बिघडला तं तुमी ट्वीटर तीन डाव बदलला. मशीनच्या बारीत एक डाव बी बोंबलल्या नाई. ये कौनसा इन्साफ हाये? बेजान डब्यासाठी लढता, अन् सोताच्या कानासाठी नाई?"

मी आत जाऊन मशीनची डबी घेतली. मी उलटून न बोलता निघाले याचंच ह्यांना केवढं आश्चर्य वाटलं! हे कधीच चपला घालून तयार होते.

जीपमध्ये माझा कॅसेट डेक होता, गोधडीत गुंडाळून ह्यांच्या मांडीवर. प्राध्यापिकेच्या पायाशी पिशवीभर अल्बम. कशासाठी, तर कान जुळवायला. तानपुरा जुळवतात तसा कान जुळवायचा, असं या सगळ्यांनी आपसात ठरवलं होतं. पण जुळवायचा कशावर, यावर यांचं ठरलं नव्हतं. बागवाले भाऊ स्टिअरिंग सोडून हात उडवत सांगत होते, "ट्रंपेटवरच लावा. ज्या कानानं ट्रंपेट झेललं तो सारं झेलते." प्राध्यापिका म्हणाली, बायकांचा मोकळा गळा हवा, सोबत एकही वाद्य नको. मी ठरवलं होतं की बोलायचं नाही. बडनेरा गेलं, मी गप्प. थोडं पुढं गेलो आणि भाऊंनी पुन्हा ट्रंपेट काढलं.

"ट्रंपेटवर कान लावाल तर जन्मभर मला सगळं ट्रंपेटच ऐकू येईल!" मी ओरडले. "पहिल्यांदा तानपुरा. मग गळा. मग तबल्याची चाट. ट्रंपेट सगळ्यात शेवटी, आणि तेही वेळ उरला तर! अक्कल गहाण ठेवून आलात का रे सगळे?"

डेकच्या मागून हे म्हणाले, "आली बाप्पा वापस." मूर्तिजापूरला चहा घेताना ह्यांनी मला आपल्या बशीतलं अर्धं बिस्कीट दिलं.

पोरीच्या टेबलावर तिच्या कॉम्प्युटरशेजारी आम्ही डेक मांडला, वायरी जोडल्या, छोटा स्पीकर ठेवला. ती बघतच राहिली. "काकू, तुम्ही एवढं गाणं ऐकता, हे बोलल्या का नाही?"

"तू विचारलं नाहीस."

"मी विचारलं, त्रास कुठं होतो. तुम्ही काकांकडे बोट दाखवलं. मी मशीन काकांच्या आवाजावर लावलं!"

सगळे हसले, हे सर्वांत जास्त. मग तिनं समजावून सांगितलं. हे मशीन माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेलं. बोलणं सारखं खालीवर होतं. जो आवाज एकसारखा चालू राहतो, पंख्याचा, कुलरचा, त्याला मशीन कचरा समजतं आणि झाडून टाकतं. सूर लांबला की त्याला वाटतं आपलीच शिट्टी वाजते आहे, म्हणून कापतं.

"म्हणजे तानपुरा कुलर?" माझा आवाज चढला.

"मशीनले काय कळते काकू," ती एकदम घरच्या बोलीत म्हणाली. "त्याले आपन सांगू."

तिनं मशीनमध्ये गाण्यासाठी वेगळी सोय केली. बाहेरचं बारीक बटण एकदा दाबलं की बोलणं, पुन्हा दाबलं की गाणं. गाण्यात झाडू मारायचा नाही, कापायचं नाही, जे येईल ते येऊ द्यायचं. मग आम्ही बसलो. तानपुरा लागला, आणि तो गेला नाही. बसून राहिला. मी म्हणायची, "पातळ आहे," ती काहीतरी हलवायची. "आता पत्र्याचा झाला." पुन्हा हलवायची. प्राध्यापिकेच्या बायका गायल्या. भाऊंच्या ट्रंपेटनं मी खुर्चीतून उडाले आणि ते भारी खूश झाले. मध्येच पोरीनं हात थांबवला आणि सरळ सांगितलं, "काकू, जे पार गेलं ते येणार नाही. अगदी वरचे आवाज गेले ते गेले. जेवढं शिल्लक आहे तेवढं मी नीट देते." मी म्हटलं, चालेल. वाईट वाटलं, पण तिनं खरं सांगितलं याचं बरंही वाटलं. शिल्लक आहे हा शब्द मला फार आवडला.

शेवटी भाईंनी रुमाल काढला. लग्नपत्रिकेचं सोनेरी कव्हर टेबलावर ठेवलं, कॅसेट डेकमध्ये घातली, बटण दाबलं. आमच्या नियमाप्रमाणे सगळे गप्प झाले. त्या पोरीला नियम माहीत नव्हता, पण तीही झाली.

आणि मला ऐकू आली सरसर.

स्स्स्स. आधी कळलंच नाही की ही तीच. कढईत तेल तापून पहिलं भजं पडावं तशी, बारीक, एकसारखी. जिच्याशी मी जन्मभर भांडले. जिच्यापायी कापसाचे बोळे संपवले, जी ज्या कॅसेटला असेल ती कॅसेट परत केली. ती माझ्या कानात भरून आली, आणि त्या सरसरीत भाईंच्या माडीवरची ती सकाळ, सतरंजीवर कुणीतरी जरा सरकून बसलं तो आवाज, सारंगियानं घेतलेला श्वास. हे सगळं त्या कॅसेटमध्ये पहिल्यापासून होतं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. पुसायचंही सुचलं नाही.

पोरगी घाबरली. कॉम्प्युटरकडे हात नेत म्हणाली, "काकू, फार त्रास होतोय का? हा टेपचा खराब आवाज आहे. तेवढा मी काढून टाकू शकते."

"हात लावशील तर बघ!"

ती दचकून मागे सरकली. ह्यांनी रुमाल माझ्यापुढे धरला. सारंगीचा पहिला सूर आला, आणि या खेपेला त्याला धार होती. भाई माझ्याकडे बघत होते. ज्या माणसानं इतक्या वर्षांत एकदाही नियम मोडला नव्हता, त्यानं पुढे वाकून अगदी हळू विचारलं, आणि ते हळू विचारलेलं मला ऐकू आलं.

"ताई, चालू काय?"

"गप्प बसा, भाई," मी म्हटलं. "बाजू संपली नाही अजून."